चोवीस मणके आणि एक गाठ

सरांनी स्वतःच्या पाठीची जन्मभर काळजी घेतली आणि त्या काळजीपायीच एक दिवस शाळेच्या सांगाड्याची पाठ मोडली.

झालं असं, की सर नववीला पाठीचा कणा शिकवत होते. नुसतं सांगून सरांचं समाधान होत नाही, त्यांना करून दाखवावं लागतं. हृदय शिकवताना ते मुठीची उघडझाप करतात, फुप्फुसं शिकवताना डोळे पांढरे होईस्तोवर श्वास धरून ठेवतात आणि पचनसंस्थेच्या तासाला पहिल्या बाकावर कोणी बसत नाही. त्या दिवशी वजन कसं उचलावं यावर गाडी आली. "कंबरेतून वाकायचं नाही. गुडघे वाकवायचे, पाठ ताठ ठेवायची आणि उचलायचं, हे असं," म्हणत सरांनी गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली आणि हाताशी दुसरं वजन नसल्यामुळे सांगाड्यालाच स्टँडसकट मिठी मारून उचललं. सरांच्या पाठीला काहीसुद्धा झालं नाही. सांगाड्याच्या मणक्यांतून ओवलेली जुनी दोरी मात्र तटकन तुटली आणि सगळे मणके टपाटप फरशीवर सांडले. कवटी वरच्या हुकाला राहिली, बरगड्यांचा पिंजरा मागच्या दांडीला होता म्हणून वाचला, कंबरेचं हाड खाली स्टँडवर राहिलं. मधला आधार तेवढा गेला.

"पण सर, तुमची पाठ ताठ होती," मागच्या बाकावरची एक चष्मेवाली मुलगी म्हणाली. सांत्वन म्हणूनच म्हणाली असणार.

आता सांगाडा प्लास्टिकचा होता हे खरं, पण सर त्याच्याविषयी नेहमी अहोजाहोच बोलत. "यांच्या खांद्यावर दप्तर अडकवू नका," "यांचा जबडा कोणी काढला?" असं. त्यामुळे मुलांनी बाकांखाली शिरून मणके गोळा केले ते अगदी मान खाली घालून. सरांनी ते रुमालात घेतले, रुमाल पुरेना म्हणून चष्मेवालीच्या डब्याच्या पिशवीत भरले आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "परवा तपासणी आहे, सर."

"तोवर उभे करतो त्यांना."

"नाही झाले उभे, तर प्रयोगशाळेच्या किल्लीचं मला काहीतरी ठरवावं लागेल."

इथे खरं दुखणं होतं. प्रयोगशाळेची किल्ली सरांच्या शर्टाच्या खिशात असायची आणि त्या खिशाच्या जिवावर सर शाळेत वावरायचे. पण त्या खोलीवर कवायतीच्या सरांचा डोळा होता. त्यांना तिथे गाद्या आणि चेंडू ठेवायचे होते. काचेच्या कपाटांकडे बघून ते येताजाता म्हणायचे, "जागा छान आहे, वाया चाललीय." माणूस मेल्यावर त्याचं घर बघायला येणारे असतात ना, तसे ते दारातून डोकावायचे. तपासणीत सांगाडा पडलेला दिसला असता, तर चेंडू आत आणि सर बाहेर, हे शाळेतल्या शिपायालाही कळत होतं.

दुरुस्तीला परवानगी मागायला सर कार्यालयात गेले, तर हेडक्लार्क म्हणाले, "सांगाडा फर्निचरमध्ये धरलाय."

"काय?"

"त्याला स्टँड आहे ना. स्टँड असलेली वस्तू म्हणजे फर्निचर. फर्निचरला सुतार लागतो. पाठवतो सुताराला."

सुतार आला. त्याने मणके टेबलावर ठेवले, एक डोळा मिटून बघितले आणि म्हणाला, "मधून सळई घालतो. एकदम सरळ उभा राहील."

"सरळ? कणा सरळ नसतो. त्याला बाक असतो. मानेत पुढे, पाठीत मागे, कंबरेत पुन्हा पुढे."

"बाक असलेला माल आम्ही परत पाठवतो," सुतार म्हणाला आणि पेन्सिल कानावर खोचून निघून गेला.

तेव्हा सर स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हवाय कशाला सुतार? मीच ओवतो घरी. आहे काय त्यात, नुसती माळ तर ओवायची!" माणसाने आयुष्यात काही वाक्यं बोलू नयेत. हे त्यांपैकी एक होतं.

घरी जेवणाच्या टेबलावर चादर पसरून सरांनी मणके ओळीने मांडले. मानेचे सात नाजूक, पाठीचे बारा मध्यम, कंबरेचे पाच चांगले दणदणीत. सरांच्या सासूबाई त्या वेळी मुक्कामाला होत्या. सासूबाईंनी सबंध जन्म माळा ओवण्यात काढला होता. एका दागिन्यांच्या दुकानासाठी त्या मोती, काच, लाकूड, जे येईल ते ओवून द्यायच्या. त्यांची गाठ एकदा बसली की बसली, माळ तुटेल पण गाठ सुटणार नाही असं दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा. मणके बघून त्यांचे हात शिवशिवले नसते तरच नवल.

"जावईबापू, द्या इकडे. घटकेत करून देते."

आणि आमच्या सरांनी काय म्हणावं? "आई, हे शास्त्र आहे. मण्यांचा खेळ नाही."

सासूबाईंनी चष्मा काढला, डबीत ठेवला आणि डबी बंद केली. त्या डबीचा आवाज सरांच्या बायकोने स्वयंपाकघरात ऐकला आणि ती हात पुसत बाहेर आली. "अहो, काय बोललात आईला?" सर म्हणाले, "काही नाही." मग थोड्या वेळाने त्यांना आणखी एक शास्त्रीय अडचण आली. मणक्यांच्या मधल्या गाद्या जुन्या होऊन चुरा झाल्या होत्या. सरांनी न्हाणीघराबाहेर पडलेली रबरी चपलांची एक जोडी उचलली आणि कात्रीने तिच्या छान गोल चकत्या कापल्या. चपला सासूबाईंच्या होत्या हे चकत्या कापून झाल्यावर कळलं. सासूबाईंनी खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसल्या.

तेवढ्यात शेजारी यायला सुरुवात झाली.

सरांच्या इमारतीत पाठ न दुखणारा माणूस नाही. प्रत्येकाला डॉक्टरने आपापला मणका सांगितलेला आहे आणि लोक तो घराच्या नंबरासारखा पाठ म्हणतात. पण आपला मणका प्रत्यक्षात कोणी पाहिलेला नव्हता. सरांकडे सगळे मणके आलेत, ही बातमी जिन्यातून वर गेली आणि जिन्यातूनच माणसं खाली आली.

समोरच्या वहिनींनी मानेतला पाचवा मागितला. तो तळहातावर घेऊन त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. "एवढासा? एवढ्याशानं माझी झोप उडवलीय?" त्यांनी त्याला बोटाने एक टपली मारली आणि त्यांना खरोखर बरं वाटलं. वरच्या मजल्यावरच्या कॅशियरसाहेबांनी दोन मणके एकमेकांवर ठेवून, मधली गादी सरकली की काय होतं ते बायकोला दाखवलं. "बघ! आणि तू म्हणतेस मी गादीवरून उठायचा कंटाळा करतो." तळमजल्यावरचे काका कंबरेला रुंद पट्टा बांधूनच जन्मल्यासारखे वावरतात. त्यांनी चौथा कंबरेचा उचलला आणि छातीशी धरला. "हाच तो! पंधरा वर्षं छळतोय. सर, ह्याचं तोंड कुठल्या बाजूला असतं?"

सरांनी सांगितलं. सर खूश होते हो. वर्गात मुलं जांभया देतात आणि इथे मोठी माणसं आ वासून ऐकत होती. सरांनी त्यांना पहिला मणका दाखवला. "हे नुसतं कडं. याच्यावर डोकं बसतं, इथून आपण हो म्हणतो." मग दुसरा, ज्यातून एक खुंटी वर आलेली असते. "ही खुंटी त्या कड्यात बसते. तिच्याभोवती मान फिरते. इथून आपण नाही म्हणतो."

"यांचा पहिला गंजलाय," सरांची बायको चहाचा ट्रे घेऊन येताना म्हणाली. सगळे हसले. खुर्चीत पाठ फिरवून बसलेल्या सासूबाईसुद्धा हसल्या असाव्यात, कारण त्यांचे खांदे हलले.

लोक गेले आणि सरांनी मणके मोजले. चोवीसाचे तेवीस भरले. कंबरेचा चौथा नव्हता!

मग जे झालं ते सांगताना सरांची बायको अजूनही पदर तोंडाला लावते. सरांनी कपबशा उलट्या केल्या. केराची टोपली चादरीवर ओतली. पट्टेवाल्या काकांकडे जाऊन आले तर दाराला कुलूप. शेवटी टॉर्च घेऊन ते सोफ्याखाली वाकले, तेही कंबरेतून, पाठ गोल करून, जसं करू नका म्हणून वर्गाला सांगायचे तसंच. आणि तिथेच अडकले.

"अगं," सोफ्याखालून आवाज आला.

"सापडला?"

"नाही. मी सापडलोय."

बायकोने आणि कॅशियरसाहेबांनी त्यांना ओढून काढलं आणि आतल्या खोलीत फरशीवर आडवं केलं. सर छताकडे बघत पडून राहिले. डोळ्यांसमोर सारखी ती किल्ली येत होती. कवायतीच्या सरांच्या हातात, शिट्टीच्या दोरीत ओवलेली. सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पाठीवर ढकललं.

बाहेर सासूबाईंनी चष्म्याची डबी उघडली.

जावई रागीट असला तरी आपला आहे आणि अडलाय, एवढाच त्यांचा विचार. त्यांनी मणके हातात घेतले आणि कुठल्याही ओवणाऱ्या माणसाला जे पहिल्या नजरेत दिसलं असतं ते त्यांना दिसलं. माल उतरत्या मापाचा होता. उतरत्या मापाच्या मालाची माळ कशी करतात? सगळ्यांत मोठा मधोमध. मग जोडीजोडीने लहान होत जाणारे, एक इकडे, एक तिकडे. दोन टोकांना फासा. फाशाला तर आयती सोय होती. एकाला कडं होतं आणि एकाला खुंटी. "आणि एक हरवला ते बरंच झालं," त्या लेकीला म्हणाल्या, "नाहीतर मधोमध कोणी बसलाच नसता." प्रत्येक मणक्यानंतर रबरी चकती आणि चकतीनंतर त्यांची ती गाठ. लेकीला मणक्यांतलं काही कळत नव्हतं, पण माळ सुरेख झालीय एवढं कळत होतं. तिने ती हळूच पिशवीत ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन सांगितलं, "अहो, आईनं ओवून ठेवलंय. झोपा आता." सरांना मान वर करून बघणं शक्य नव्हतं. मनाविरुद्ध त्यांना फार हायसं वाटलं.

तपासणीच्या सकाळी सर शाळेत आले ते कठड्याला धरून, एकेक पायरी, लहान मूल चढतं तसे; मान खाली जात नव्हती म्हणून पिशवीत बघणंही राहून गेलं होतं. दारातच कवायतीचे सर उभे. "अरेरे, सर! द्या ती पिशवी, मी लावून देतो. तुम्ही या सावकाश." आणि दोन दोन पायऱ्या घेत वर गेले.

सर प्रयोगशाळेच्या दाराशी पोहोचले तेव्हा तपासनीसबाई, मुख्याध्यापिकाबाई आणि सगळी नववी आत सांगाड्याकडे बघत उभी होती. सरांनी आत बघितलं. वर कवटी, मागे पिंजरा, खाली कंबरेचं हाड, मधे हवा. आणि आपल्याच मणक्यांची माळ गळ्यात घालून, फासा मागे नीट लावून, सांगाडा सत्काराला उभा राहिल्यासारखा उभा होता!

"पिशवीत माळच होती," कवायतीचे सर म्हणाले. "माळ मी गळ्यात घातली."

तपासनीसबाईंनी माळेवरून बोट फिरवलं. "हे कोणी केलं?"

सरांना उत्तर माहीत होतं. ते अगदी सोपं होतं, खरंही होतं आणि त्याने किल्ली वाचण्याचा निदान संभव होता. त्यांना एकदम फरशीवर आडवे पडलेले आपण आठवलो, आणि मग डबी उघडल्याचा आवाज आठवला. एका म्हाताऱ्या बाईने त्यांचं तोडून बोलणं गिळून, चपला गेलेल्या असताना, त्यांच्यासाठी इतक्या गाठी मारल्या होत्या.

"मी," सर म्हणाले. "जबाबदारी माझी. ओवायला मीच घेतलं होतं."

मुख्याध्यापिकाबाईंनी नुसता हात पुढे केला. सरांनी खिशातून किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. नववी बघत होती.

"ते नंतर," तपासनीसबाई म्हणाल्या. "मी दुपारपर्यंत आहे. हे सोडवा आणि नीट ओवून दाखवा."

पण सोडवणार कसं? कवायतीच्या सरांनी दात लावून पाहिले. हेडक्लार्कने टाचणी आणली. दोरी कापावी तर शाळेत दुसरी दोरी नव्हती आणि मागवायची तर फर्निचरची की कापडाची, हे हेडक्लार्कला आधी ठरवावं लागणार होतं.

"ही गाठ एकाच माणसाला सुटते," सर हळूच म्हणाले.

"मग बोलवा त्यांना."

सरांनी फोन लावला. पलीकडे बायको होती. "आई यायची नाही. मी कितीही सांगितलं तरी यायची नाही. तुम्ही बोला."

नववी ऐकत होती, बाई ऐकत होत्या, कवायतीचे सर तर दोन पावलं पुढे येऊन ऐकत होते. सरांनी घसा साफ केला. "आई, माझं चुकलं. कालचं बोलणं चुकलं आणि चपलांचंही चुकलं. तुमच्याशिवाय होत नाहीये. येता का?"

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "येते. पण घालू काय पायात?"

सासूबाई आल्या त्या सरांच्या चामडी चपला घालून, फटक फटक करत. त्यांना हात धरून जिना चढवायला पट्टेवाले काका होते आणि काकांच्या दुसऱ्या हातात कंबरेचा चौथा मणका होता. "माफ करा हं सर, डॉक्टरला दाखवायला नेला होता. म्हटलं, एकदा समोरच ठेवतो, बघू आता काय म्हणतो."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, मणका छान आहे, पट्टा सोडा."

सासूबाईंनी सांगाड्याकडे बघितलं, गळ्यातली माळ बघितली आणि क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे हे उभं असतं होय? मला वाटलं... मला कोणी सांगितलंच नाही."

"मी सांगायला हवं होतं," सर म्हणाले.

त्या स्टुलावर बसल्या. नखाने एक गाठ दाबली आणि ती सुटली. मग दुसरी. नववीची मुलं भोवती गोळा झाली आणि कोणी न सांगता एकेक मणका उचलून त्यांना देऊ लागली. सर उभेच होते, त्यांना बसता येत नव्हतं.

"आधी पाचवा, आजी," चष्मेवाली म्हणाली. "कंबरेचा. सगळ्यांत खाली."

"हा एवढा जाड का गं?"

"वरचं सगळं ओझं त्याच्यावर असतं."

"असं होय. मग माझा हाच असणार दुखणारा." त्यांनी चकती घातली, दोरी ओढली. काकांनी चौथा स्वतःच्या हाताने दिला, जरा जड मनाने. मग पाठीचे सुरू झाले. "आणि ह्याला हे खळगे कसले?"

"ते बरगड्यांसाठी. पाठीतल्या बाराही जणांना असतात."

असं चढत चढत ते मानेपर्यंत आले. मागच्या बाकावरच्या मुलांनीही सगळं बरोबर सांगितलं, आणि सर एकदासुद्धा मधे बोलले नाहीत. एकदा बोलायला गेले, पण पाठीत कळ आली. तपासनीसबाई एका हाताने स्वतःची कंबर दाबत उभ्या होत्या. त्यांनी वाकून विचारलं, "पाचव्या आणि त्याच्या खालच्या हाडामधली गादी सरकली, तर कुठे दुखतं गं?" चष्मेवालीने पायापर्यंत बोट फिरवून दाखवलं. "अगदी बरोबर," बाई म्हणाल्या, आणि ते काही त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

शेवटी खुंटी कड्यात बसली, कड्यावर कवटी बसली आणि ते उभे राहिले. पाठीत सगळे बाक जिथल्या तिथे.

तपासनीसबाई निघताना मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाल्या, "असा तास मी पाहिला नव्हता. खोली आहे तशी राहू दे." मुख्याध्यापिकाबाईंनी किल्ली सरांपुढे केली. सरांच्या बोटांतून ती निसटली आणि फरशीवर पडली. सर तिच्याकडे बघत राहिले. वाकणं शक्य नव्हतं, आणि कवायतीचे सर वाकायला अगदी तयार होते.

पण सासूबाई स्टुलावरच होत्या. त्यांनी बसल्या बसल्या किल्ली उचलली. दोरीचा उरलेला तुकडा होता, तो किल्लीतून ओवला. "जावईबापू, मान खाली करा."

सरांनी मान खाली केली. पहिल्या मणक्यातून, जिथून हो म्हणतात तिथून. पाठ ठणकली, पण मान गेली. सासूबाईंनी दोरी गळ्यात घातली, मागे नेली आणि गाठ मारली. तीच ती.

कवायतीच्या सरांनी गाठीकडे बघितलं आणि चेंडूंची पिशवी उचलून मैदानाकडे गेले. सर संध्याकाळी सासूबाईंना घेऊन चपलांच्या दुकानात गेले. त्यानंतर अंघोळीलासुद्धा ती किल्ली त्यांच्या गळ्यात असते आणि काढून द्या असं त्यांनी सासूबाईंना अजून एकदाही म्हटलेलं नाही.